बैल नसलेला गाडा

सुरतेतल्या कतारगामच्या चाळीत घरोघरी फळीवर काय असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. घासून चकचकीत केलेले डबे, उपडे पेले, कोपऱ्यात एखादा देव. भटू बोरशाच्या फळीवर देवाच्या शेजारी रणगाडे उभे होते. तळहातावर दोन मावतील एवढे, ओतीव धातूचे, कुणी शेवाळी तर कुणी मातकट. त्यांच्या मागे लढाऊ विमानं, पंखाला पंख लागणार नाही अशा बेताने लावलेली. भटूच्या बायकोला, कलाबाईला, त्यापायी मिठाची बरणी खाली जमिनीवर ठेवावी लागायची, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितल्याशिवाय राहायची नाही.

भटू पॉवरलूमवर कामाला होता. चार माग एकटा सांभाळायचा. अंगाने काटकुळा, बोलायला कमी, आणि खटखटाटात दिवस काढणाऱ्या सगळ्यांसारखाच कानाने थोडा जड. त्याला चिडवायचं तर एक शब्द पुरे होता. शेजारचे गुजराती लोक त्या वस्तूंना रमकडां म्हणायचे, म्हणजे खेळणी. तो शब्द मात्र त्याला दोन खोल्या पलीकडून बरोबर ऐकू यायचा. हातातला घास ठेवून तो उंबऱ्यात यायचा आणि शांतपणे सांगायचा, "रमकडां नथी. मॉडेल छे." मग परत जाऊन जेवायला बसायचा.

त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून समोरच्या बाया हळूच म्हणायच्या, बिचारा पोराची हौस अशी भागवतो. बायांचं चुकत होतं. पोराचा इथे काही संबंध नव्हता. भटूला आपल्या म्हाताऱ्या आईची एक समजूत काढायची होती, आणि त्या एका समजुतीपायी त्याची सात वर्षं गेली.

आईचं नाव काशीबाई. गाव शिंदखेड्याकडचं, भुसावळ लाइनीवरचं. नवरा लवकर गेला, तेव्हा पदरात दोन मुलगे. थोरला भटू सुरतेला मागावर आला. धाकटा सुकदेव, दिसायला देखणा आणि स्वभावाने उनाड, गावी गाडा हाकायचा. एक दिवस धुळ्याला बाजाराला म्हणून गेला आणि आईला न विचारता फौजेत भरती होऊन आला. काशीबाई त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तो गेला, तेव्हा तिने दशम्या बांधून दिल्या, पण तोंडाने शब्द काढला नाही.

फौजेत सुकदेवला रणगाड्यावर घेतलं. त्याला ड्रायव्हर केलं. आता ही गोष्ट आईला कशी लिहायची? त्याने लिहिलं, "माय, काळजी करू नकोस. इथेही मी गाडाच हाकतो, गावी हाकत होतो तसाच. आमच्या गाड्याचं नाव शेंचुरन आहे." आईला घोर लागू नये म्हणून पोराने केलेली ही गोड लबाडी. आई खरोखरच निर्धास्त झाली. गाडा म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायला नको होतं. पुढे धुरेवर बसायचं, कासरा धरायचा, वर मोकळं आभाळ.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई झाली आणि गावात सरकारी कागद आला. तो मराठी शाळेच्या मास्तरांनी ओट्यावर बसून वाचला. रणगाड्यावर कर्तव्य बजावत असताना सुकदेव हिरामण बोरसे यांना वीरमरण आलं. बाया रडायला लागल्या. काशीबाईने एवढंच विचारलं, "गाडावर व्हता?" मास्तर म्हणाले, हो, रणगाड्यावर. "मंग त्यानी उडी काब्र मारी नई?"

त्याने उडी का मारली नाही, हा प्रश्नच मास्तरांना कळला नाही. दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं असं सगळ्यांना वाटलं. पण तिचं डोकं ठिकाणावर होतं. पांझरा नदीच्या उतारावर एकदा बैल उधळले होते, तेव्हा याच सुकदेवने चालत्या गाड्यावरून उडी मारून जीव वाचवला होता. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याला उडी मारता येते त्याने ती मारली नाही, याचा तिने काय अर्थ घ्यायचा? तिने एकच घेतला. त्याला घरी परत यायचंच नव्हतं. आठ दिवस न बोलणाऱ्या आईकडे कशाला यायचं, असं त्याने ठरवलं. कागद आल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. ती रागावली होती, आणि राग आलेलं माणूस रडत नाही.

त्याच हिवाळ्यात भटूने तिला सुरतेला आणलं. आणि आखाजी आली.

खानदेशी माणूस कुठेही पोटाला गेला तरी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सोडत नाही. त्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी घागर भरायची. घागरीवर खरबूज, आंबे ठेवायचे, पुरणपोळी आणि रसाचं पान वाढायचं. घरातली थोरली बाई उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते आणि एकेकाचं नाव घेते. ज्याचं नाव घेतलं तो जेवायला येतो. काशीबाईने सासऱ्याचं बोट ओढलं, नवऱ्याचं ओढलं, आणि बोट पदराला पुसून टाकलं.

"माय, सुकदेव ऱ्हायना," राहिलेल्या नावाची आठवण करून देत भटू म्हणाला.

"त्याले येवानं व्हतं ते उडी मारीसन उना ऱ्हाता," ती म्हणाली. "त्यानी घागर मी भराव नई."

भटूने त्या दिवशी पुरणपोळीचं पान तसंच सरकवलं. सुकदेव दाराबाहेर उभा आहे, आत वडील आणि आजोबा जेवतायत, आणि त्याला कुणी हाक मारत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात सारखं यायला लागलं. तो स्वतः एक बोट ओढू शकला असता. पण आईने नाकारलेल्या पोराला भावाने चोरून वाढायचं, ते त्याला पटेना. तसा सुकदेव आलाच नसता. आईनेच बोलवायला हवं होतं, आणि आई बोलवत नव्हती ती एका चुकीच्या समजुतीने. म्हणजे ती समजूत काढणं भटूकडे आलं.

आधी त्याने तोंडाने सांगून पाहिलं. माय, तो गाडा नसतो, सगळीकडून बंद असतो. वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. काशीबाईने तो नाकाशी धरला, लांब धरला आणि परत दिला. तिला दिसतच नव्हतं. कलाबाई तिला दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर काही परत येत नाही. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. तांदूळ ती बोटांनी निवडायची आणि एक खडा सुटू द्यायची नाही. भटूच्या लक्षात आलं की हिला जे काही दाखवायचं ते हातात द्यावं लागेल.

चौटा बाजारात एका काचेमागे त्याला पहिला रणगाडा दिसला. घरी येऊन त्याने तो आईच्या ओंजळीत ठेवला. तिने वरून खालून बोटं फिरवली.

"हाई ते कासव शे."

"कासव नई माय. रणगाडा. सुकदेव असाच चालाडे."

तिने पुढचा भाग चाचपला, मागचा चाचपला, बैल जुंपायची जागा शोधत तोफेची नळी दोन बोटांत धरून पाहिली. "बैल कथा जुपतस?"

"बैल नसतस. इंजन ऱ्हास."

"बैल नई, जू नई, धुरा नई," काशीबाई म्हणाली, "मंग त्याले गाडा काब्र म्हंतस?"

मराठीत हा शब्द ज्या कुणी केला त्याने शिंदखेड्याच्या म्हातारीचा विचार केला नव्हता. आणि वरून सुकदेवचं पत्र. ते ती ट्रंकेतून काढायला लावायची. "तो सोता लिखस, गाडा हाकस म्हनीसन. त्यानं खरं का तुना या कासवनं खरं? बनावनाराले जसं वाटनं तसं त्यानी बनाडं."

यात तिचंही अगदीच चुकत नव्हतं. एका खेळण्यावर कोण विश्वास ठेवील? भटूने विचार केला, एक खोटं बोलेल, दहा कसे बोलतील? दहा वेगवेगळे आणून देतो, सगळे बंद आहेत हे तिच्या बोटांना कळू दे. असा तो या नादाला लागला.

तापीच्या काठी शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा, त्यालाच शनिवारी म्हणायचे. तिथे मगनभाई नावाचा एक म्हातारा गोणपाटावर मोडकी घड्याळं, चष्म्याच्या फ्रेमा, कुलुपं मांडून बसायचा. रांदेरकडच्या लोकांचे नातेवाईक परदेशात असत, ते घरच्या मुलांना असली मॉडेलं आणून देत. मुलं मोठी होऊन दुकानावर बसली की ती मॉडेलं गोणपाटावर येत. भटूने हक्काची रविवारची सुट्टी सोडली आणि शेठकडून शनिवार मागून घेतला. शेठला वाटलं याने काही व्रत धरलंय. एका अर्थी धरलंच होतं.

पहिल्या वर्षी तीन रणगाडे आले. काशीबाईने तिन्ही हाताळले आणि तिन्हींना तेच विचारलं. आता खरं सांगायचं तर हळूहळू भटूला आईच्या प्रश्नाइतकीच त्या वस्तूंचीही ओढ लागली. मागावर कापडाचे तार मोजायचं एक भिंग असतं, ते डोळ्याला लावून तो रणगाड्याच्या पोटाखालची इवली इंग्रजी अक्षरं बघत बसायचा. वाचता येत नव्हती, पण कोणाची कुठे आहेत ते पाठ झालं होतं. पट्ट्याची साखळी रबरी की धातूची, चाकं किती, नळीचं टोक बोथट की पोकळ, हे तो आता लांबून ओळखायचा. चाळीस पावलांवरून ताग्यातला तुटलेला तार ओळखणारा डोळा तो.

मग विमानं आली. विमानांचा आईच्या समजुतीशी काडीचा संबंध नव्हता, त्याबद्दल भटू काय सांगणार? पण मगनभाईने एकदा इवलंसं नॅट पुढे ठेवलं, पासष्टच्या लढाईत गाजलेलं, करंगळीएवढं, पोट चंदेरी. भटू घेऊ की नको करत तासभर तिथेच उकिडवा बसून राहिला आणि शेवटी घेऊन आला. मग त्याच्या जोडीला हंटर विमान. ती रणगाड्यांजवळ ठेवली की रणगाडा विमानाहून मोठा दिसायचा, आणि त्या गोष्टीने भटू खरोखर बेचैन व्हायचा. एका मापाची एका रांगेत, असं करून पाहिलं, तर फळी पुरेना. तेव्हाच मिठाची बरणी खाली गेली.

त्याचे नियम होते. रंग उडाला तर उडाला, वरून रंग द्यायचा नाही. चाक निखळलं तर दुसरं लावायचं नाही. जसं आलं तसं ठेवायचं. बॉक्ससकट मिळालं तर बॉक्स जिवापलीकडे जपायचा. अस्तराच्या रेशमी चिंध्यांत तो एकेक मॉडेल गुंडाळून ठेवायचा, आणि कलाबाई म्हणायची, "माले लगीनमा इतलं मऊ लुगडं नव्हतं." पण सणासुदीला फळी पुसायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला हात लावू न देता एकेक विमान तीच उचलायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि भटूची खोली म्हणजे वाचनालय झाली. बातम्या ऐकून माणसं यायची, आपला कुठला, त्यांचा कुठला, दाखव म्हणायची. भटू, ज्याच्या तोंडून एरवी चार शब्द निघायचे नाहीत, तो हातात रणगाडा घेऊन समजावून सांगायचा. कोपऱ्यात पाय पसरून बसलेली काशीबाई सगळं ऐकायची. सुट्टीवर आलेला एक फौजी एकदा म्हणाला, ड्रायव्हरच्या डोक्यावर झाकण असतं, पण तोफ त्याच्यावर आडवी आली तर ते आतून उघडत नाही. भटूने चमकून आईकडे पाहिलं. माणसं गेल्यावर ती म्हणाली, "इतला लोके बोलतस, पन गाडावरथीन उडी माराले काय व्हयनं ते कोनी सांगत नई." पुढच्या आखाजीलाही तिने दोनच बोटं ओढली. सातवी आखाजी होती ती.

बहात्तर संपता संपता मगनभाईने भटूला लांबूनच हात केला. त्या वर्षी आफ्रिकेतून कितीतरी गुजराती कुटुंबं होतं नव्हतं सोडून परत आली होती. कुणाच्या तरी पेटीतून एक बॉक्स निघाला होता. मगनभाईने तो गोणपाटाखालून काढला. "भटूभाई, आ जुओ. तमारा माटेज राख्यो." खास आपल्यासाठी राखलेल्या बॉक्सचं झाकण भटूने उघडलं. लांबट, दणकट, बाजूला पत्र्याचे पडदे, कुठे ओरखडा नाही. बॉक्सवरचं नाव त्याने मगनभाईकडून तीनदा वाचून घेतलं. सेंच्युरियन.

सुकदेवचा शेंचुरन.

भटू त्या दिवशी बसने न येता चालत घरी आला. बॉक्स छातीशी होता. आणि घरी आल्यावर त्याने तो आईला दाखवला नाही. पत्र्याच्या पेटीत चिंध्यांखाली ठेवला. आज नको, उद्या दाखवू, असं करत चार महिने गेले. हे त्याचं वागणं बरं नव्हतं, आणि ते त्यालाही कळत होतं. पण हा सगळ्यात सुंदर होता, आणि हाही बंदच होता. आईने हातात घेऊन परत 'मंग?' म्हटलं असतं, तर यानंतर आणण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. रोज कामावरून आला की तो पेटी उघडून एकदा बघायचा आणि लावून टाकायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात काशीबाईला ताप आला. ताप उतरला पण ती उतरलेलीच राहिली. भिंतीला धरून चालायची. आखाजीला चार दिवस होते तेव्हा तिने कलाबाईला सांगितलं, घागर कुंभाराकडून नीट वाजवून आण, पुढल्या साली माझंच बोट तुला ओढायचं आहे. कलाबाईने भटूचा डबा भरता भरता त्याच्याकडे न बघता म्हटलं, "पेटीमझार काय शे ते माले ठाऊक शे. मायले दाखडानं व्हई ते आते दाखाडा."

भटूने त्या दिवशी खाडा केला. बॉक्स उघडला आणि सेंच्युरियन आईच्या मांडीवर ठेवला. "माय, हाऊ सुकदेवना. नाव तेच शे, शेंचुरन."

काशीबाईचे हात थांबले. मग ती बोटं फिरवायला लागली, इतक्या हळू, की याआधी तिने एकही असा बघितला नव्हता. साखळी, चाकं, बाजूचे पडदे, फिरणारा माथा, लांब नळी.

"तो कथा बसे?"

भटूने तिचं बोट धरून पुढच्या उजव्या बाजूला नेलं. "आठे. मझार."

"मझार म्हंजे कथा? माले मझार दाखाड."

आत जायला वाटच नव्हती; तिथे झाकण कोरलेलं होतं, नुसती रेघ. बोटाला रेघ लागत होती आणि पुढे काही नव्हतं. काशीबाईने दोनदा नखाने उचकटून पाहिलं. मग रणगाडा त्याच्या हातात परत दिला. "भरेल लोखंडमा कोनी बसस का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दमलेली होती.

भटूने रणगाडा हातात फिरवला. पोटाखाली दोन ठिकाणी रिव्हेट ठोकलेले होते. तो उठला, चपला घातल्या आणि थेट कारखान्यात गेला.

माग दुरुस्त करणारा हिलाल मिस्तरी जेवायला बसला होता. भटूने ड्रिल मागितलं आणि रणगाडा शिकंज्यात धरला. हिलालने पोळी खाली ठेवली. भटूभाऊ चिंधीशिवाय जिला हात लावू देत नाही, ती ही वस्तू. "काय करताय हे?" तो म्हणाला. "खराब होईल."

"होऊ दे," भटू म्हणाला.

पहिल्या रिव्हेटला ड्रिल घसरून शेवाळी रंगावर एक लांब चकाकता ओरखडा उठला. चार माग सांभाळणारा माणूस तो, त्याचा हात असा कधी घसरला नव्हता. दुसऱ्या रिव्हेटला त्याने डोळे पुसून घेतले. तळ सुटा झाला, माथाही सुटून वेगळा हातात आला. आत नुसती पोकळी होती, रंग न दिलेली, राखाडी.

घरी आल्यावर त्याने सुटा माथा बाजूला ठेवला, रिकामं धूड आईच्या डाव्या हातात दिलं, आणि तिच्या उजव्या हाताची तर्जनी खालून पुढच्या कोपऱ्यात घातली. बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं आणि अडलं. तिने अंगठा घालून पाहिला, तो गेलाच नाही.

"इतलीच जागा?"

"इतलीच."

"पाय कथा ठेवे?"

"आखडीसन. गुडघा छातीशी."

"आनि वर?"

भटूने माथा त्या धुडावर ठेवला. बोट आतच होतं. तिचं बोट वरून झाकलं गेलं, सगळ्या बाजूंनी लोखंड. तोफेची नळी त्याने फिरवून बरोबर कोरलेल्या झाकणावर आडवी आणली. फौजीने सांगितलेलं सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता. काशीबाईने बोट हलवून पाहिलं. पुढे, मागे, वर. कुठेच जात नव्हतं. तिने बोट त्या अंधारातच ठेवलं, जणू काढलं तर त्याला एकट्याला सोडल्यासारखं होईल.

"उडी माराले जागाच नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती माय."

"मंग त्यानी माले गाडा काब्र सांगा?"

"तुले कायजी नको म्हनीसन."

काशीबाईचं तोंड वाकडं झालं. सात वर्षं आणि काही महिने जे अडून होतं ते आलं. ती रडली, पोटातून, लहान मुलासारखी, आणि रडता रडता एवढंच म्हणत होती, मी त्याला बोल लावला, सात वर्षं मी माझ्या लेकराला उपाशी ठेवलं. भटूने तिला कवेत घेतलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की एकदा का तिला कळलं की सगळं नीट होईल. आता त्याला दिसलं की रागावलेली होती तोवर तिचा सुकदेव कुठेतरी होता, रुसून बसलेला, येईल तेव्हा जाब विचारण्यासारखा. तो आज गेला. तिच्या हातातून आपणच तो काढून घेतला, असं वाटून भटूही रडायला लागला, आणि कलाबाई तव्यावरची भाकरी करपू देऊन दोघांच्या मध्ये येऊन बसली.

रडणं ओसरल्यावर काशीबाईने परत बोट आत घातलं. या खेपेला बाजूबाजूने चाचपत.

"एकलाच व्हता का?"

"नई माय. शेंचुरनमा चार जन ऱ्हातस."

"चारी गयात?"

पलटणीकडून मागाहून कळलेलं ते भटूला सांगवेना. पण तिला आता अर्धं काही सांगून चालणार नव्हतं. "चारी," तो म्हणाला.

आखाजीच्या दिवशी तिला धरून उंबऱ्यापाशी आणावं लागलं. कलाबाईने कुंकू कालवून वाटी हातात दिली. काशीबाईने डाव्या हाताने उंबरा चाचपून घेतला. सासऱ्याचं नाव घेऊन एक बोट ओढलं. नवऱ्याचं ओढलं. मग वाटीत बोट बुडवून म्हणाली, "सुकदेव, ये रे भाऊ." तिसरं बोट ओढलं, दोघांपेक्षा लांब.

भटूने तिला उठवायला हात पुढे केला. तिने तो बाजूला केला. परत बोट बुडवलं आणि चौथं ओढलं. मग पाचवं. मग सहावं. हाताने अंदाज घेत, चारही जवळजवळ, मध्ये बोटभर जागा न सोडता.

"आत्या, हाई तीन कोनना?" कलाबाईने सासूला विचारलं. "नाव काय लेवानं?"

"नावं माले कथा ठाऊक?" काशीबाई म्हणाली. "त्यास्नी माय लेत व्हई नावं. पन तिले कोनी सांगं नई व्हई, ती बी रागमा बठेल व्हई ते?" तिने कुंकवाचं बोट पदराला पुसलं. "तीन पानं आखो मांड. मझार संगे व्हतात, जेवाले बी संगेच बठू दे."